भाऊंच्या घरची पार्टी

हीरोशी मारामारी करताना मेलेला व्हिलनचा माणूस आपल्या लक्षातही राहत नाही. पण ज्याने सगळं जिंकून दिलं, त्यालाच व्हिलन हसता हसता उडवतो, तेव्हा पॉपकॉर्न हातातच राहतो. का मारतो तो? आणि मुख्य म्हणजे, तेव्हाच का मारतो?

२०२५ च्या जानेवारीत ‘सत्या’ पुन्हा थिएटरला लागला, तेव्हा टीममधली चार पोरं घेऊन मी गेलो होतो. पिक्चर पहिल्यांदा आला १९९८ च्या जुलैमध्ये. त्या वेळी ही पोरं एकतर पाळण्यात होती, नाहीतर जन्मालाच यायची होती. तरी समुद्राकडे तोंड करून भिकू म्हात्रेने मुंबईचा राजा कोण म्हणून आरोळी ठोकली, तेव्हा यांनीच सगळ्यात जोरात शिट्ट्या मारल्या. (रील्सवर शंभरदा पाहिलंय म्हणे!)

मग तो सीन आला. निवडणूक संपलीय, भाऊ ठाकुरदास झावळे जिंकलाय. भाऊंच्या घरी सेलिब्रेशन सुरू आहे. भिकू खूश, कल्लू मामा खूश, आपणही खूश. आणि भाऊ भिकूला गोळी घालतो. संपलं. मनोज वाजपेयीला नॅशनल अवॉर्ड मिळवून देणारा, अख्खा पिक्चर खांद्यावर घेऊन फिरणारा माणूस एका क्षणात खल्लास.

माझ्या शेजारी बसलेली आमची ज्युनियर डिझायनर अंधारात जवळजवळ ओरडलीच, “अरे, पण का? यानेच तर जिंकून दिलं ना त्याला!”

पिक्चर सुटल्यावर बाहेरच्या टपरीवर कटिंग घेताना हाच विषय. एकजण म्हणाला, सोप्पंय, गुरु नारायणला मारलं म्हणून. बरोबर आहे, पिक्चरही तेच सांगतो. भाऊ, भिकू आणि गुरु नारायण हे एकेकाळचे एकाच धंद्यातले. पुढे भाऊ राजकारणात गेला, उरलेल्या दोघांत वैर झालं. निवडणूक तोंडावर असताना शहरात रक्तपात नको म्हणून भाऊने बजावून ठेवलेलं, की गुरु नारायणला हात लावायचा नाही. भिकूने ऐकलं नाही, हात लावला.

पण पोरांनो, म्हटलं, जरा तारखा बघा.

गुरु नारायण मेला तेव्हा भाऊला राग आला होता. तेव्हा त्याने काय केलं? राग गिळला. कारण मतदान व्हायचं होतं आणि भिकूशिवाय निवडणूक निघाली नसती. म्हणजे चिडलेला असताना भाऊने गोळी घातली नाही. गोळी घातली ती खूश असताना, निकाल लागल्यावर, आपल्याच घरी. भिकूची चूक आधीच झालेली होती, फाइलला लागलेली होती. भाऊ वाट पाहत होता ती भिकूचा उपयोग संपण्याची. गोविंद नामदेव यांनी हा भाऊ असा काही केलाय की त्याच्या हसण्याचीच धास्ती वाटते, ती यामुळेच. हा माणूस रागावर चालत नाही, कॅलेंडरवर चालतो.

आपल्या आयुष्यात पिस्तूल नसतं, नशीब. पण आठ महिन्यांपूर्वीची चूक अप्रेजलच्या मीटिंगमध्ये नेमकी कधी निघते, सांगा? प्रोजेक्ट लाइव्ह गेल्यावर. त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत तुम्ही ‘रॉकस्टार’च असता!

हॉलिवूडवाल्यांनी तर याचं गणितच मांडून दाखवलंय. २००८ च्या ‘द डार्क नाइट’ची सुरुवात आठवा. जोकरचे मुखवटे घातलेली टोळी बँक लुटायला येते. एकाने अलार्म बंद केला की त्याला मागचा उडवतो. एकाने तिजोरी फोडली की त्याला दुसरा. प्रत्येकाला आधीच सांगून ठेवलंय, की अमक्याचं काम झालं की त्याला संपव, वाटा वाढेल. आणि गंमत म्हणजे आपल्याबद्दलही कुणालातरी हेच सांगितलं असेल, हा विचार डोक्यात आलाच तर एखाद्याच्याच येतो, आणि तोही फार उशिरा. सहकाऱ्यावर बंदूक रोखताना प्रत्येकाला आपण लिस्टच्या बाहेर आहोत असंच वाटत असतं.

इथे पोरं हसली. मी नाही हसलो. कारण मला अशी एक लिस्ट माहीत होती. तिचे कॉलम मीच आखले होते.

कोतवालांचं स्वाइप कार्ड

साल २००९. मंदी जोरात. ब्लॅकबेरी असणं म्हणजे मोठा माणूस असणं आणि ऑर्कुटवर स्क्रॅप टाकणं म्हणजे सोशल लाइफ, असे ते दिवस. पुण्यातली एक बऱ्यापैकी मोठी आयटी कंपनी, नाव कशाला घ्या. मी चोवीस वर्षांचा, ऑपरेशन्समध्ये एक्सेल कुटत बसलेला.

आमच्या ऑपरेशन्स हेडना कॅन्टीनमध्ये एकच नाव होतं, ‘कोतवाल’. कारण कोण किती वाजता आत आलं, किती वेळा खाली चहाला गेलं, याचे स्वाइपचे रिपोर्ट ते रोज मागवायचे. पुण्यात दुसरं कुठलं नाव पडणार होतं?

ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ पहिल्यांदा झालं ते १६ डिसेंबर १९७२ ला, पुण्यातच, भरत नाट्य मंदिरात. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नाना फडणवीस झाले होते मोहन आगाशे. (दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ आणि नाना मानसोपचारतज्ज्ञ! एवढे डॉक्टर असूनही पुण्याची प्रकृती बिघडलीच.) नाना आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी केली म्हणून इतका गदारोळ झाला, की एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटकच बंद केलं. मग त्याच मंडळींनी ‘थिएटर अकॅडमी’ काढली आणि १९७४ मध्ये ते पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये ते थेट युरोपला जाऊन आलं.

गोष्ट अशी. कनोजचा घाशीराम पोटासाठी पुण्यात येतो. इथे त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मार बसतो, अपमान होतो. त्याचा सूड घेण्यासाठी तो आपली तरणी मुलगी नानांच्या हवाली करतो आणि बदल्यात कोतवाली मागून घेतो. मग पुण्यात परवान्यांचं राज्य! रात्री बाहेर पडायला परवाना, याला परवाना, त्याला परवाना, नसेल तर कोठडी.

आपल्याला वाटतं हा घाशीरामचा सूड चाललाय. तेंडुलकरांचा नाना मात्र नेमणूक करतानाच आपल्याला विश्वासात घेऊन सांगून टाकतो, की आता आपली सगळी पापं या परक्या माणसाच्या खात्यावर जमा होतील. म्हणजे फेकून द्यायचा दिवस उगवण्याआधीच, अपॉइंटमेंट लेटरवरच, तो ठरलेला होता. फक्त तारीख कोरी होती.

ती तारीख कधी भरली? एक तर मुलगी मेली, म्हणजे नानांना बांधून ठेवणारा धागा तुटला. आणि मग कोठडीत कोंडलेले परगावचे ब्राह्मण गुदमरून मेले, शहर चवताळून वाड्यावर आलं. नानांना घाशीरामच्या कारभाराची बातमी त्या दिवशी कळली का? छे! पण त्या दिवशी घाशीराम असण्यापेक्षा नसणं फायद्याचं झालं. नानांनी हुकमावर सही केली आणि त्याला जमावाच्या हाती दिलं. घाशीराम दगडांखाली मेला. नंतर नानाच लोकांसमोर येतात, शहरावरचं संकट टळलं म्हणतात आणि उत्सव करा म्हणून सांगतात.

तेंडुलकर म्हणायचे, हे ऐतिहासिक नाटक नाही, घाशीराम कुठल्याही काळात तयार केले जातात. इतिहासातला घाशीराम सावळदास खरोखर पुण्याचा कोतवाल होता आणि कोठडीतल्या मृत्यूंनंतर १७९१ मध्ये तो खरोखर जमावाच्या हातून मेला. पण तेंडुलकरांचं म्हणणं पटायला इतिहास लागत नाही. कॅन्टीन पुरतं.

पाण्यातला माणूस

एक फोटो आहे, मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावरचा. स्टालिन चालतोय, त्याच्या बाजूला बुटका निकोलाय येझोव. येझोव म्हणजे १९३६ ते १९३८ स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत, सरकारी नोंदींनुसारच, पावणेसात लाखांवर माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. हे सगळं स्टालिनच्या सहीने आणि येझोवच्या हाताने. काम उरकलं, तसा येझोव बाजूला झाला. १९३९ मध्ये अटक, १९४० च्या फेब्रुवारीत गोळी. आणि त्या फोटोतून येझोव पुसला गेला. त्याच्या जागी नुसतं कालव्याचं पाणी. फोटोशॉपच्या अर्धशतक आधी, बरं का!

फोटोपेक्षा मला खुर्चीची गोष्ट जास्त छळते. त्या खुर्चीत येझोवच्या आधी यागोदा होता. यागोदालाही काम झाल्यावर असंच पकडलं आणि १९३८ मध्ये मारलं, आणि ते काम केलं येझोवच्या खात्याने. म्हणजे या खुर्चीचं शेवटी काय होतं, हे सबंध देशात येझोवइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो बसला. त्यालाही वाटलं असणार, माझं वेगळं आहे.

आमच्या कोतवालांनाही तसंच वाटायचं.

२००९ च्या फेब्रुवारीत त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. मोठ्या साहेबांकडून आकडा आला होता. साठेक माणसं कमी करायची. मी अटेंडन्स, बिलिंग, रेटिंग असा सगळा डेटा एका शीटमध्ये ओढायचा आणि ते लाल रंग भरणार. आम्ही दोघं रात्री दहापर्यंत बसायचो. ते घरून आणलेली थालीपिठं पुढे करायचे. एकदा म्हणाले, “बघ, मी नाही केलं तर दुसरा कोणीतरी करेलच. मी निदान प्रत्येकाशी नीट बोलून करतो.” आणि खरं सांगतो, ते बोलले. एकेकाला समोर बसवून, पाणी देऊन. कॅन्टीनला हे कधी कळलं नाही.

दुसऱ्या एका रात्री मी धीर करून विचारलं, “सर, तुमचं काही...?” ते हसले. “माझं? अरे, एवढं सगळं ज्याला माहीत आहे, त्याला कोण काढेल?”

आज कळतं, की ते बोलले तेच त्यांना काढण्याचं कारण होतं. भिकूला भाऊचं सगळं माहीत होतं. घाशीरामला नानांचं. आपल्याला वाटतं गुपित म्हणजे आपला इन्शुरन्स. समोरच्याच्या हिशेबात ते देणं असतं, आणि देणं लवकर मिटवलेलं बरं.

मार्च संपला, लिस्ट संपली. एप्रिलमध्ये अॅन्युअल डे झाला, त्यात कोतवालांना स्टेजवर बोलावून ट्रॉफी दिली गेली. मोठ्या साहेबांनी मिठी मारली. तीन आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी, त्यांचं स्वाइप कार्ड चालेना. ज्यांनी आमची प्रत्येक स्वाइप मोजली ते गेटवर कार्ड उलटसुलट करून लावत होते आणि मशीन लाल दिवा दाखवत होतं. रोज सलाम करणारा सिक्युरिटीवाला वर बघायला तयार नव्हता. मी त्यांच्या मागे रांगेत होतो. माझा दिवा हिरवा लागला. मी आत गेलो.

दुपारी टाउन हॉल. मोठे साहेब म्हणाले, गेल्या काही महिन्यांत जी प्रक्रिया झाली, तिच्यात काही ठिकाणी माणुसकी कमी पडली, याची त्यांना मनापासून खंत आहे. ज्यांच्यामुळे हे झालं ते आता आपल्यात नाहीत. मग म्हणाले, शुक्रवारी सगळ्यांना पिझ्झा.

टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या. लोकांना खरंच बरं वाटलं होतं. साठ माणसं परत आली नव्हती, आकडा वरूनच आला होता, तो देणारा माणूस माइकवर उभा होता. पण कोतवाल गेला ना! भरत नाट्य मंदिरापासून किती लांब होतो आम्ही? रिक्षाने फार तर तासाभरावर.

खोलीतला तिसरा

आता पुन्हा भाऊंच्या घरी चला. भिकू मेला म्हणून आपल्याला रडू येतं, कारण आपण त्याचं घर पाहिलंय, बायको प्यारी पाहिलीय, त्यांची भांडणं पाहिलीत. घाशीरामसाठी असं रडू येत नाही, तेंडुलकर येऊच देत नाहीत. मरताना तो मुलीच्या आयुष्याची आपण माती केली हे कबूल करतो, तोवर फार उशीर झालेला असतो. पण दोघांचाही विचार करताना आपण मरणाऱ्याकडे बघतो, नाहीतर मारणाऱ्याकडे. भाऊंच्या पार्टीत आणखीही एक माणूस होता. कल्लू मामा.

सिनेमाच्या दोन लेखकांपैकी एक असलेल्या सौरभ शुक्लांनीच तो केलाय. ढेरपोट्या, विनोदी, सगळ्यांना हवाहवासा. त्याच्या डोळ्यांदेखत भिकू जातो आणि तो काही करत नाही. पुढे भाऊचा वकील मुळे त्याला सत्याला संपवायला सांगतो. म्हणजे लिस्टमधलं पुढचं नाव! तेव्हा कुठे कल्लू मामा पिस्तूल फिरवतो आणि मुळेलाच उडवतो. मधल्या काळात तो कसा जेवला असेल, कसा झोपला असेल, हे पिक्चर दाखवत नाही. गणपती विसर्जनाच्या गर्दीत सत्या भाऊला भोसकतो तिथे टाळ्या वाजतात. मला मात्र हल्ली कल्लू मामाच जास्त दिसतो. भाऊला तो हिशेबात धरण्यासारखा वाटलाच नव्हता. सामानाबरोबरचं सामान!

टपरीवर पोरं गप्प झाली होती. डिझायनर म्हणाली, “मग? पुढे?”

पुढे काय. पंधरा दिवसांनी मला मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. त्या मजल्यावर मी पहिल्यांदाच गेलो. कॉफी आली. “तुझं एक्सेल चांगलं आहे असं ऐकलंय,” ते म्हणाले. “एक छोटीशी लिस्ट करायची आहे.”

“तू नाही म्हणालास?”

“केली,” मी म्हटलं. पंधरा नावं होती. लाल रंग या वेळी मीच भरला. सोळावं नाव कुणाचं असेल ते कळायला कल्लू मामा व्हायची गरज नव्हती, म्हणून चार महिन्यांनी दुसरी नोकरी धरली आणि सुटलो. ते काही धाडस-बिडस नव्हतं. कोतवालांना मी फोन केला नाही. नंबर मात्र तीन हँडसेट बदलले तरी सेव्ह आहे.

चहाचे पैसे दिले, पोरं आपापल्या बाइकवर गेली. एक गोष्ट त्यांना सांगितली नाही, ती इथे सांगतो. पहिल्या लिस्टमध्ये, ओळ क्रमांक एकेचाळीसवर, माझ्या रोजच्या डब्याच्या ग्रुपमधल्या मित्राचं नाव होतं. लाल रंग भरल्यापासून त्याला केबिनमध्ये बोलावेपर्यंत मध्ये नऊ दिवस गेले. ते नऊही दिवस मी त्याच्यासमोर बसून जेवलो. एकदा तो म्हणाला, अरे, बहिणीचं लग्न ठरतंय, एवढ्यात लोन काढू का? मी म्हटलं, बघ बाबा, तुझं तू ठरव. आणि त्याच्या डब्यातलं लोणचं घेतलं.

आम्ही अजून मित्र आहोत. सहा महिन्यांतून एकदा भेटतो, तो कोतवालांना अजून शिव्या घालतो आणि मी हो ला हो करतो. हा अंक त्याच्या घरी येतो.